सहा वर्षांनंतरची प्रवारणा

आश्विन पौर्णिमेच्या सकाळी अजितने पांढऱ्या शर्टाच्या एकाच बाहीवरून चार वेळा इस्त्री फिरवली, तेव्हा देवश्रीने न राहवून ती त्याच्या हातातून काढून घेतली.

"जळेल आता. येणार आहे तुझी बहीण, म्हटलं ना. साडेआठला निघालेत सर्जापूर रोडवरून. नागराजचा मेसेज आलाय."

"तुला त्यांचे मेसेज येतात?"

"सहा वर्षं येतायत," देवश्री म्हणाली आणि कॉलरकडे वळली.

अजित बायकोकडे बघतच राहिला. बंगळुराजवळच्या बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात तो तपासणी खात्याचा प्रमुख होता. आलेला सुटा भाग मापात बसला की पास, नाही बसला की लाल डब्यात. माणसांनाही हा असाच मापाला लावतो, ही देवश्रीची जुनी तक्रार. आज तर आपल्याच घरात आपल्याला न विचारता सहा वर्षं काहीतरी पास होत होतं, हे कळून त्याला रागही आला आणि कुठेतरी हायसंही वाटलं.

"आईने बोलावलं म्हणून येतेय ना? की स्वतःहून?"

"आईंनी मला सांगितलं, मी तिला फोन केला. ती म्हणाली, वंदनेला येईन, खीर खाईन, प्रवारणेला बसणार नाही."

"बसू नकोच म्हणावं. मी कुठे बसतोय!"

पण बसावं लागणार होतं, हे त्यालाही ठाऊक होतं. पावसाळ्यातला तीन महिन्यांचा वर्षावास संपला की भिक्खू एकमेकांसमोर हात जोडून म्हणतात, माझं काही चुकलेलं तुम्ही पाहिलं असेल, ऐकलं असेल, नुसतं मनात आलं असेल, तर माझ्यावर दया करून मला सांगा. ही प्रवारणा विहारातली. ती घरात आणली अजितच्या वडिलांनी, आप्पाजींनी. घरातलेच काय, गल्लीतलेही त्यांना आप्पाजीच म्हणत. ते गेले त्या वर्षी ती शेवटची झाली; त्यानंतर होसकोट्याच्या या घरात पौर्णिमेला वंदना व्हायची, खीर व्हायची, प्रवारणा तेवढी होत नव्हती. यंदा मात्र शालनताईंनी, म्हणजे अजितच्या आईने, आठ दिवस आधी स्वयंपाकघरातून जाहीर केलं होतं, "या पुनवेला प्रवारणा करायची. सगळ्यांनी. मी जित्ती हाय तवर एकदा करायचीच."

अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई असं बोलल्यावर कोण काय म्हणणार?

*

कल्पनाच्या फोनची रिंग तिच्या आधी घरात शिरली. दाराशी चपला काढतानाच तो एवढ्या मोठ्याने वाजला की हॉलमध्ये मेणबत्त्या लावणारी शमिका दचकली. फोन दूधवाल्याचा होता.

"आत्या, आवाज कमी कर की थोडा," शमिका हसत म्हणाली. अजितची ही मुलगी आता एकोणीस वर्षांची झाली होती.

"नाही गं, असू दे," कल्पना म्हणाली. मागून आलेल्या नागराजने, तिच्या नवऱ्याने, शमिकाला मानेनेच खूण केली, की राहू दे. विहारात, दवाखान्यात, सिनेमातसुद्धा त्याची बायको फोन पूर्ण आवाजात ठेवते आणि लोकांच्या शिव्या खाते. त्याने तो विषय सोडून दिला होता.

"अत्ते, स्वल्प पाणी द्या," तो सासूला म्हणाला. लग्नाला बावीस वर्षं झाली तरी सासूला तो कन्नड पद्धतीने अत्तेच म्हणायचा. "वर्तूरला पाऊण तास नुसता उभा. पुढची गाडी हलेना, मागचा हॉर्न थांबेना."

"बसा हो, बसा. सरबत करते." शालनताई पदराला हात पुसत आल्या, लेकीसमोर उभ्या राहिल्या आणि तिच्या दंडाला हात लावून बघितलं. "वाळलीस की गं."

"नाही आई. आहे तशीच आहे."

अजित सोफ्यामागे उभा होता. "ये," तो म्हणाला.

"आले, अण्णा," कल्पना म्हणाली. सहा वर्षांत दोघांचं झालेलं बोलणं एवढंच.

हॉलमध्ये बुद्धांची मूर्ती होती तिथेच होती, बाबासाहेबांचा फोटो होता तिथेच होता. सतरंजीही तीच, निळ्या पट्ट्यांची, आप्पाजींच्या कारखान्याच्या क्वार्टर्समधून आलेली. कल्पनाला तिच्याकडे बघवेना आणि नजरही काढवेना. हिच्यावर बसून तिने अख्खं बालपण काढलं होतं.

निपाणीजवळच्या खेड्यातून आप्पाजी फिटर म्हणून बंगळुरात आले, सरकारी कारखान्यात लागले, तेव्हा त्यांच्या जिभेला सगळं खातं घाबरायचं. एका संध्याकाळी क्वार्टर्सच्या नळावर, दहा बायकांदेखत, ते शालनताईंना भाजी खारट झाल्यावरून असं काही बोलले की त्या भरलेली घागर तिथेच सोडून घरात गेल्या आणि तीन आठवडे त्यांच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. चौथ्या आठवड्यात आश्विन पौर्णिमा आली. विहारातल्या भंतेजींकडून आप्पाजी घरी आले, स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी उकिडवे बसले आणि हात जोडून बायकोला म्हणाले, "माझं काय चुकलं ते सांग. तू सांगितल्याशिवाय उठणार नाही." सहा वर्षांची कल्पना दाराआडून बघत होती. आईने परातीतलं पीठ मळता मळता बराच वेळ काही सांगितलं, आणि आप्पाजी प्रत्येक वाक्याला "साधू", म्हणजे मान्य आहे, असं म्हणत राहिले. घरातली पहिली प्रवारणा ती.

पुढे त्यात मुलं आली. सगळ्यांत मोठ्याने आधी विचारायचं. ज्याला सांगायचंय त्याने आधी पाच बोटं मिटायची. करंगळी, ही वेळ बरोबर आहे का? मग, हे खरं आहे का, शब्द मवाळ आहेत का, ऐकणाऱ्याच्या उपयोगाचं आहे का? आणि शेवटी अंगठा, माझ्या मनात याच्याविषयी मैत्री आहे का? एक बोट जरी मिटलं नाही तरी तोंड उघडायचं नाही. आप्पाजी कारखान्यातही मशीनपाशी बोटं मिटत उभे राहायचे आणि नवे कामगार समजायचे की फिटरसाहेब नग मोजतायत.

नऊ वर्षांच्या अजितने एकदा पाचही बोटं मिटून त्यांना सांगितलं होतं, "मॅच लागली की तुम्ही रेडिओला कुणाला हात लावू देत नाही." आप्पाजींनी गंभीरपणे "साधू" म्हटलं, आणि पुढच्या कसोटीचे पाचही दिवस रेडिओ अजितच्या मांडीवर होता. खरखर आली तरी ते नुसते तळमळत बसायचे. कल्पनाला आत्ताही हसू आलं. किती छान होतं ते सगळं, तिला वाटलं, आणि लगेच डोळे भरून आले म्हणून ती उगाचच सरबताचा पेला घ्यायला आत गेली.

*

वंदना झाली, पंचशील झालं. कल्पना उठू लागली तसं शालनताई म्हणाल्या, "बसू नको. नुसती थांब. हितं, दाराशी."

"आई, मी देवश्रीला सांगितलं होतं."

"मला म्हाईत हाय. तू कुणाला काही विचारू नको, सांगू नको. एवढं माझं ऐकून घे, मग जा."

कल्पना दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. नागराज तिच्याशेजारी जाऊन उभा राहिला. सतरंजीवर अजित, देवश्री, शमिका. शालनताईंनी गुडघ्यांवर हात रेटत उकिडवं बसायला सुरुवात केली.

"आई, खुर्ची घे, काहीतरीच काय," अजित म्हणाला.

"गप रे."

बसल्या एकदाच्या. हात जोडले. त्या क्षणी त्यांना फार भीती वाटली. आठ दिवस त्यांनी हे वाक्य भाजी निवडताना, अंथरुणावर, अंघोळीला बसल्यावर म्हणून पाहिलं होतं. जुलैत शमिकाने विचारलं होतं, "आजी, आत्याने नक्की केलं तरी काय होतं?" आणि उत्तर द्यायला तोंड उघडलं तेव्हा त्यांना कळलं होतं, की या पोरीला आता जे सांगू ते मुलांच्या मुलांपर्यंत जाणार. त्या दिवशी त्या काहीच बोलल्या नव्हत्या. लेक आज ऐकून कायमची गेली तर? जाईलही. पण न सांगता तरी ती कुठे आपल्याजवळ होती?

"माझं चुकलेलं तुम्ही काही बघितलं असंल, ऐकलं असंल, मनात आलं असंल," त्या म्हणाल्या, "तर दया करून सांगा."

देवश्रीने "साधू" म्हणायला तोंड उघडलं, तर त्यांनी मान हलवून तिला थांबवलं.

"तुम्ही बघितलं न्हाई. कुणीच न्हाई. म्हणून मीच सांगते. आप्पाजींना झालं त्या दिवशी, सकाळी अकरा वाजता त्यांच्या हातातनं चहाचा कप पडला. डावा हात बधिर झालाय म्हणाले. म्हणाले, कल्पीला फोन लाव."

कल्पना चौकटीपासून सरळ झाली.

"मी लावला न्हाई. तुझ्या शाळेतल्या पोरांच्या गाण्याचा कार्यक्रम होता. तीन महिने तू घसा बसेपर्यंत शिकवलंस त्यास्नी. मी म्हटलं, होऊ दे तिचा कार्यक्रम, कशाला पळवायचं. अशक्तपणा असंल. हाताला तेल चोळलं न् निजवलं. एक वाजता तोंड वाकडं झालं, तवा पहिल्यांदा तुला फोन लावला. बंद होता. मग शेजारच्यांची गाडी." त्या थांबल्या. "ते दोन तास माझे हैत. तुझे न्हवंत."

सहा वर्षांपूर्वी, आप्पाजींना जाऊन दोनच महिने झाले असताना, याच सतरंजीवर कल्पनाने हात जोडून विचारलं होतं आणि अजितने पाच बोटं भराभर मिटून सांगितलं होतं, "डॉक्टर म्हणाले, दोन तास आधी आणलं असतं तर वाचले असते. तू फोन बंद ठेवला होतास." तेव्हा कल्पना आणि नागराज याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे. आप्पाजींचं सगळं तीच बघायची. ती उठली, वर गेली, आणि महिन्याभरात सर्जापूर रोडला भाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली. शाळा सोडली. गाणं सोडलं. आई अकरापासून आपल्याला फोन करत होती, असंच ती धरून चालली होती. अजितही तसंच धरून चालला होता.

"तू तिथेच बसली होतीस," अजित म्हणाला. त्याचा आवाज सुरुवातीला अगदी हळू होता. "मी हिला बोललो तेव्हा तू माझ्या शेजारी बसली होतीस, आई."

"व्हय."

"आणि गप्प राहिलीस?"

"मी खोटं बोलले न्हाई. मला कुणी इचारलंच न्हाई. त्यावरच सहा वर्षं काढली. शीलं म्हणताना चौथ्या, खोटं न बोलायच्या शीलाला जीभ अडखळायची, तरी म्हणायची." "भ्याले रे. तुम्ही दोघं माझ्याकडं कसं बघशीला, याला भ्याले."

"भ्यालीस?" अजित उभा राहिला. "हिने घर सोडलं! मी सहा वर्षं बहिणीचं तोंड पाहिलं नाही! मी हिला काय काय समजत होतो, आई! सख्ख्या बापाचा जीव... आणि तू इथे बसून खीर ढवळतेस? अगं, तुझ्यामुळे गेले ते! दोन तास तेल चोळत बसलीस म्हणून..."

"अण्णा, बस."

कल्पना सतरंजीवर आली होती. कधी आली ते तिलाही कळलं नाही. नागराजने तिचा हात धरू पाहिला होता, तो सुटला होता.

"बस काय! तुझ्यासाठीच बोलतोय मी!"

"माझ्यासाठी बोलू नकोस. हात बघ तुझा."

अजितने पाहिलं. त्याचं बोट आईच्या तोंडासमोर होतं, आणि आई त्याच्यासमोर अजून तशीच उकिडवी, हात जोडून बसलेली होती. त्याने हात खाली घेतला.

"हेच वाक्य तू मला बोलला होतास," कल्पना म्हणाली. "दोन तास. नुसता माणूस बदललास. मला ते कसं लागलं, माहितीये? मी भाजी चिरताना ते ऐकते. रस्ता ओलांडताना ऐकते. दूधवाल्याचा फोन चुकला तरी माझी छाती धडधडते. आईचं वय बघ. तिला ते किती वर्षं ऐकायला लावणार आहेस?"

"पण हे खरं आहे ना!"

"असेल. माझ्या वेळीही तुला खरंच वाटलं होतं."

अजित मटकन खाली बसला. देवश्री त्याच्याजवळ सरकली, पण तिने त्याला हात लावला नाही. तो म्हणाला, "कल्पी, मला माहीत नव्हतं गं. ते खोटं आहे हे माहीत असतं तर मी..."

"अण्णा, ऐक." ती त्याच्यासमोर बसली. तिचा आवाज मऊ होता आणि तो तसा ठेवायला तिला फार कष्ट पडत होते, हे नागराजला तिच्या मानेवरच्या शिरेवरून दिसत होतं. "आज ते खोटं ठरलं म्हणून तुझं चुकलं, असं नाही. ते खरं असतं तरी तू तसं बोलायला नको होतं. दोन महिने झाले होते रे आप्पाजींना जाऊन. मी तुझ्यापुढे हात जोडून बसले होते."

अजितने तोंडावर हात घेतले आणि तो रडला. बावन्न वर्षांचा माणूस, पोरीसमोर, बायकोसमोर, मेव्हण्यासमोर, काही न लपवता. "साधू," तो मध्येच कसाबसा म्हणाला. "चुकलं. माझं चुकलं, कल्पी."

कल्पनाने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. थोडा वेळ तसाच ठेवला. लहानपणी मार खाल्ल्यावर तो असाच हुंदके द्यायचा आणि पाणी तीच आणून द्यायची. आता पाणी शमिकाने आणलं.

*

शालनताई अजून उठल्या नव्हत्या. समोरच्यांनी सांगेपर्यंत किंवा साधू म्हणेपर्यंत विचारणाऱ्याने उठायचं नाही, ही रीत. पाय सुन्न झाले होते. पोरांचं आपसात जुळतंय हे दिसत होतं, आणि एवढं झालं तरी पुष्कळ झालं, असं त्या मनाला समजावत होत्या. लेकीने आपल्याकडे अजून पाहिलं नाही, हेही त्यांना दिसत होतं.

"अत्तेंना उठवूया का?" नागराज हळूच म्हणाला.

कल्पना वळली. आईसमोर येऊन बसली. आता त्या दोघींच्या मध्ये कुणी नव्हतं.

आईला सांगण्यासारखं तिच्याकडे किती होतं! आवरून ठेवलेली गाण्याची वही. दुसऱ्या बाईंकडे दिलेली पोरं. दिवाळीला भाड्याच्या घरात एकटीने लावलेले दिवे. मी तुझी लेक होते आणि तू मला सोडून दिलंस, हे एक वाक्य तर जिभेवर येऊन बसलं होतं. ते खरं होतं. आईने स्वतः विचारलेलं होतं, म्हणजे वेळही झाली होती. कल्पनाला ते बोलायचं होतं. आई मोडून पडावी असंही क्षणभर वाटलं, आणि ते वाटलेलं तिला स्पष्ट दिसलं.

"आई, आज मी तुला काही सांगणार नाही," ती म्हणाली.

"सांग की गं. त्यासाठीच बसलेय."

"नाही. आत्ता जे तोंडातून निघेल ते तुला लागावं म्हणूनच निघेल. मला राग आलाय. एवढा आलाय की मला तुझ्याकडे बघवत नाहीये."

"व्हय," शालनताई म्हणाल्या. गालांवरून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी जोडलेले हात सोडले नाहीत.

"साधू म्हणायलाही जमत नाहीये मला. पण तू ऊठ. गुडघे जातील तुझे." तिने आईच्या काखेत हात घातले. दुसऱ्या बाजूने अजित आला. दोघांनी मिळून आईला उचलून खुर्चीवर बसवलं. कल्पना खाली बसून आईच्या पोटऱ्या चोळू लागली, मान वर न करता.

"जाशील आता?" शालनताईंनी विचारलं. "परत येणार न्हाईस?"

कल्पनाचे हात चालूच होते.

"जेवून जाईन. पुढच्या रविवारी येईन. तेव्हाही राग असेल. त्याच्या पुढच्या रविवारी येईन, तेव्हाही असेल कदाचित. किती दिवस राहील ते मला नाही सांगता येणार, आई. मी रागातच येत जाईन."

शालनताईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. तिने तो झटकला नाही.

"ये," त्या म्हणाल्या. "रागवायलाच ये."